प्रोफायलरची साक्ष

जावा आज्ञावली मंदावली, की वेळ नेमका कोठे खर्ची पडतो याविषयीचा अनुभवी प्रोग्रामरचा तर्कही बहुधा चुकतो. म्हणून प्रोफायलर वापरावा लागतो. नमुनापद्धतीचा प्रोफायलर ठरावीक अंतराने चालू आज्ञावलीकडे पाहतो व त्या क्षणी कोणती मेथड चालू आहे ते टिपतो. ज्या मेथडच्या नोंदी अधिक, ती अधिक वेळखाऊ. परंतु ही साक्षही तपासून घ्यावी लागते. मायटकोविच, दिवान, हाउसविर्थ आणि स्वीनी यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार प्रचलित प्रोफायलरांचे सर्वाधिक वेळखाऊ मेथडविषयी वारंवार मतभेद आढळले. कारण मुळाशीच होते. हे प्रोफायलर थ्रेडची नोंद केवळ ‘सेफपॉइंट’ म्हणविल्या जाणाऱ्या ठिकाणीच घेत, आणि वेगासाठी कंपायलर अशी ठिकाणे अनेक लूपमधून काढून टाकतो. नोंद मग पुढील सेफपॉइंटपाशी होते आणि दोष भलत्याच मेथडच्या माथी येतो! असिंक-प्रोफायलर किंवा जेडीके ११ पासून (२०१८) मुक्त झालेला फ्लाइट रेकॉर्डर सेफपॉइंटची वाट पाहत नाही. तथापि डेटाबेसच्या उत्तरासाठी खोळंबलेला थ्रेड प्रोसेसर वापरतच नाही. त्याचा शोध घड्याळी वेळ मोजूनच घ्यावा लागतो.