पर्यावरणीय शाश्वततेचा मायनर घेताय? मग आधी हद्द आखायला शिका

'माझा मेजर अर्थशास्त्र आहे. मायनर म्हणून पर्यावरणीय शाश्वतता घेतली तर पुढे पीएचडीला उपयोग होईल का?' संशोधनाकडे वळू पाहणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात असा प्रश्न असतो. उपयोग होतो, पण गुणपत्रिकेवर 'मायनर' असं छापून येतं म्हणून नाही.

आधी थोडा नियमांचा हिशोब बघू. यूजीसीने डिसेंबर 2022 मध्ये आणलेल्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीच्या 120 क्रेडिटपैकी 24 मायनरची असतात, आणि चार वर्षांच्या 160 पैकी 32. (महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची विभागणी थोडी वेगळी असू शकते, आपल्या कॉलेजचं परिपत्रक बघा.) पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये 75 टक्के किंवा जास्त गुण असतील तर चौथ्या वर्षी 12 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प घेता येतो. खरी मेख इथे आहे: हा प्रकल्प मेजर विषयात करायचा असतो. म्हणजे मायनरवर वेगळा प्रबंध लिहायला मिळत नाही. मायनर तुमच्या संशोधनात शिरू शकतो तो फक्त प्रश्नाच्या वाटेने.

आणि हो, सगळ्यांना सक्तीचा असलेला पर्यावरणाचा पेपर म्हणजे हा मायनर नव्हे. त्या पेपरचं मूळ एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये दिलेल्या आदेशात आहे. हेतू चांगला होता, पण आपल्याकडे त्याचं काय होतं हे तुम्हाला माहीत आहे. आदल्या रात्री प्लास्टिकबंदीवर वीस पानं लिहून, फाईलला रंगीत कव्हर घालून विषय संपतो.

मायनरने शिकवायला हवी ती मुख्य गोष्ट अशी, की 'शाश्वत' हे विशेषण एकटं लावलं तर त्याला अर्थच नसतो. काय टिकायचंय, कुणासाठी, किती वर्षं आणि कुठल्या हद्दीत, हे ठरल्याशिवाय एखादी गोष्ट शाश्वत आहे की नाही ते मोजता येत नाही. यातली हद्द सगळ्यात फसवी असते. एक उदाहरण घेऊ.

शेततळं. 2016 पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेमुळे हा शब्द घरोघरी पोहोचला. मूळ कल्पना साधी: पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायचं आणि पावसाने ओढ दिली की पिकाला एक-दोन पाणी द्यायचं. पण फळबागांच्या भागात अनेक ठिकाणी तळ्याला प्लास्टिकचं अस्तर घालतात आणि ते विहिरीतून किंवा बोअरमधून पाणी उपसून भरतात. आता हे शाश्वत आहे का?

बांधापुरती हद्द आखली तर आहे. एप्रिल-मेमध्ये बाग जगते, कर्ज फिटतं. हद्द पाणलोट क्षेत्राएवढी केली की उत्तर बदलतं, कारण जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी आपण वर आणून उन्हात ठेवलं. किती उडेल? समजा तळं 30 बाय 30 मीटर आहे, म्हणजे पृष्ठभाग 900 चौरस मीटर. जानेवारी ते मे असे 150 दिवस, रोज सरासरी 6 मिलिमीटर बाष्पीभवन धरा. 900 मिलिमीटर, म्हणजे 0.9 मीटर. गुणाकार 810 घनमीटर, म्हणजेच 8 लाख 10 हजार लिटर! (6 हा आकडा मी समजुतीसाठी घेतलाय; खरा आकडा जवळच्या हवामान केंद्राच्या नोंदीतून घ्यायचा. शिवाय तळ्याच्या बाजू उतरत्या असतात, पाणी खाली जाईल तसा पृष्ठभागही आक्रसतो, त्यामुळे उत्तर थोडं कमी येईल. तो हिशोब तुम्हीच करून बघा.)

इथपर्यंत मायनर तुम्हाला आणतो. पुढचं काम मेजरचं. अर्थशास्त्रवाला विचारेल, एवढं पाणी उडतं हे दिसत असूनही शेतकरी असं का करतो? कारण जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं, तळ्यातलं माझं. मी नाही उपसलं तर शेजारचा उपसणार. त्याला मूर्ख ठरवून हा प्रश्न सुटत नाही. एलिनॉर ऑस्ट्रम यांना 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच सामायिक साधनांच्या अभ्यासासाठी. लोक स्वतः नियम करून अशी साधनं कधी टिकवतात, हा त्यांचा विषय. आपल्याकडे हिवरे बाजार हे त्याचं बहुचर्चित उदाहरण: दरवर्षी पाण्याचा ताळेबंद आणि शेतीसाठी बोअरवेलला बंदी. कायद्याचा विद्यार्थी 1882 च्या ईझमेंट कायद्यापाशी पोहोचेल, कारण ज्याची जमीन त्याचं खालचं पाणी ही समजूत तिथपर्यंत जाते. समाजशास्त्रवाल्याने जागा मोजावी. 900 चौरस मीटर म्हणजे जवळपास 9 गुंठे, वर भरावाची जागा वेगळी. एक एकरवाल्याची पाव जमीन त्यात गेली! मग शेततळं कुणाला परवडतं आणि शेजारच्या कुणाची विहीर आटते, हा प्रश्न आपोआप समोर येतो.

आकडेवारी मिळते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजते. मात्र त्या एका विहिरीवरून अख्ख्या गावाबद्दल बोलू नका. आपल्या बेसॉल्ट खडकात शंभर पावलांवरच्या दोन विहिरींचं एकमेकींशी जमत नाही.

म्हणून मायनरचे पेपर निवडताना नावं बघू नका, काम बघा. ज्यात प्रत्यक्ष मोजणी, सांख्यिकी किंवा जीआयएस आहे ते आधी घ्या. शाश्वत विकासाची 17 उद्दिष्टं पाठ करून घेणारा एखादा पेपर पुरे. त्यावरचे तीन पेपर घेऊन हाती फक्त पोस्टर लागतात.

आता 'नाशिक जिल्ह्यातील शाश्वत शेतीचा अभ्यास' हे शीर्षक बघा. यातून काय मोजायचं ते कळत नाही. त्याऐवजी असं लिहून बघा: 'अमुक पाणलोटात, बोअरने भरलेल्या शेततळ्यांपासून 500 मीटरच्या आतल्या विहिरी उन्हाळ्यात बाहेरच्या विहिरींपेक्षा लवकर आटतात का, आणि त्या कुणाच्या आहेत?' हद्द आली, काळ आला, माणसंही आली.

असा प्रश्न पाचव्या सेमिस्टरमध्येच मार्गदर्शकांना दाखवा. कारण विहिरी मोजायच्या त्या मार्च ते मेमध्ये. चौथं वर्ष सुरू होतं तेव्हा पाऊस पडून गेलेला असतो, आणि पुढचा उन्हाळा येईपर्यंत प्रबंध जमा करायची तारीख जवळ आलेली असते.