फी माफ म्हणजे नेमकं काय माफ?

१८४८ साली बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली. आता इंजिनिअरिंगलाही मुलींची फी माफ, असं आपण ऐकतो. पण मित्रमैत्रिणींनो, अटी वाचा!

प्रवेश कॅप राऊंडमधून आणि घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून ट्युशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ. राजर्षी शाहू योजनेत मुलांना ट्युशन फी निम्मी. मॅनेजमेंट कोट्यातून आलात, तर यातलं काहीच नाही. मेसचं बिल तर या फी माफीत येतच नाही!

महाडीबीटीचा फॉर्म भरावा लागतो. तो राहिला की अख्खी फी घरच्यांच्या डोक्यावर. म्हणून उत्पन्नाचा दाखला आधीच काढा. पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक आहेच!