२२ जूनपासूनचा योग : आसन, श्वास आणि शाळेचा रोजचा दिवस



२१ जूनला शाळेत काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मैदानावर चुन्याच्या रेघा, पांढरे शर्ट, माईक, फोटो आणि संध्याकाळपर्यंत अहवाल. (विदर्भात तर त्या दिवशी बऱ्याचदा शाळाच उघडलेली नसते.) ११ डिसेंबर २०१४ ला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने हा दिवस ठरवला, १७७ देश त्या ठरावाचे सहप्रस्तावक होते, आणि २०१५ पासून तो जगभर साजरा होतो. चांगली गोष्ट आहे. पण २२ जूनला काय? सतरंज्या गुंडाळल्या जातात त्या पुढच्या वर्षीच उलगडतात. हा लेख त्या उरलेल्या दिवसांसाठी आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करू. योग म्हणजे अंग वाकवणं, असं मुलांना वाटतं आणि खरं सांगायचं तर मोठ्यांनाही वाटतं. पतंजलींनी योगाची आठ अंगं सांगितली : यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी. आसन हे त्यातलं तिसरं, आणि संपूर्ण योगसूत्रांत थेट आसनावरची सूत्रं अवघी तीन आहेत. त्यांचं म्हणणं साधं आहे. बसणं स्थिर असावं आणि सुखाचं असावं. पाय डोक्यामागे न्यावा असं ते कुठेही म्हणत नाहीत. आसनांची मोठी यादी पुढे हठयोगाच्या ग्रंथांत आली, घेरंडसंहितेत ती ३२ आहेत. मुलांना शिकवताना मी 'स्थिर' आणि 'सुखाचं' हे दोनच शब्द धरून चालते. ज्या आसनात मूल थरथरतंय, दात आवळतंय, श्वास रोखून धरतंय, ते आसन त्या दिवशी त्याचं नाही.

श्वासापासून सुरुवात का?

वर्गात सांगून बघा, "मोठा श्वास घ्या." निम्म्याहून जास्त मुलं खांदे वर उचलतील, छाती फुगवतील आणि पोट आत खेचतील. म्हणजे नेमकं उलटं! फुप्फुसांना स्वतःचे स्नायू नाहीत. छाती आणि पोट यांच्यामध्ये जे श्वासपटल असतं ते खाली सरकतं, बरगड्या थोड्या फाकतात, आणि त्यामुळे हवा आत येते. श्वासपटल खाली आलं की पोट बाहेर यायलाच हवं. विज्ञानाच्या तासाला हे आपण फळ्यावर आकृती काढून शिकवतो, पण मुलाच्या स्वतःच्या पोटाशी त्याचा संबंध जोडायचा राहून जातो.

त्यासाठी मुलांना पाठीवर झोपवा आणि प्रत्येकाच्या पोटावर त्याचंच एक पुस्तक ठेवा. श्वास घेताना पुस्तक वर, सोडताना खाली. कुणाचं पुस्तक घसरून पडतं, कुणी हसतं, हसल्यामुळे सगळ्यांची पुस्तकं हलतात. हसू द्या. दोन-तीन मिनिटांत वर्ग आपोआप शांत होतो आणि पोटाने श्वास घेणं म्हणजे काय हे एकही व्याख्या न सांगता कळतं. घरी हे रात्री अंथरुणावर करता येईल.

दुसरा प्रयोग पाचवीच्या पुढच्या मुलांसाठी. अंगठ्याच्या बाजूने मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी शोधायची आणि सावकाश श्वास घ्यायचा-सोडायचा. नीट लक्ष दिलं तर कळतं की श्वास आत घेताना ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना संथ. लहान वयात हा फरक चांगला जाणवतो. हा दोष नाही, निरोगी शरीराचा स्वभाव आहे. हृदयाची गती आवरणारी व्हेगस नावाची चेता आहे. श्वास घेताना तिचा लगाम सैल होतो, सोडताना घट्ट होतो. म्हणूनच घाबरल्यावर नुसता 'मोठा श्वास घे' म्हणून फारसं भागत नाही. श्वास सोडणं लांबवावं लागतं. तीन आकडे मोजत घ्या, पाच किंवा सहा मोजत सोडा. असे पाच-सहा श्वास चाचणीचा पेपर वाटण्याआधी घेऊन बघा. त्याने न केलेला अभ्यास आठवणार नाही, हे मुलांनाही सांगा! पण केलेला अभ्यास भीतीने झाकला जाऊ नये, एवढी मदत होते.

भ्रामरी हा त्याचाच मुलांना आवडणारा अवतार. नाकाने श्वास घ्यायचा आणि सोडताना ओठ मिटून भुंग्यासारखा 'म्म्म' आवाज काढायचा. गुणगुणताना श्वास आपसूक लांबतो, मोजावं लागत नाही. पहिलीच्या वर्गासाठी याच्याइतकं सोपं दुसरं काही मला सापडलेलं नाही. अनुलोम-विलोम चौथी-पाचवीपासून घ्या. उजव्या हाताचा अंगठा उजव्या नाकपुडीवर, अनामिका डाव्या नाकपुडीवर. डावीने घ्या, उजवीने सोडा, उजवीने घ्या, डावीने सोडा, हे झालं एक आवर्तन. श्वास रोखायचा नाही. सर्दी झालेल्या मुलाने त्या दिवशी नुसतं बसून राहावं.

हे मात्र वर्गात नको

इथे थोडं थांबते, कारण मुलांना इजा होते ती इथेच. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, लहान मुलांकडून करून घेऊ नये. 'कोण जास्त वेळ रोखतो' अशी स्पर्धा तर नकोच नको. भस्त्रिका, जोरजोरात कपालभाती हेही टीव्हीवर बघून वर्गात आणू नये. शीर्षासन आणि सर्वांगासन यांत मानेवर भार येतो. चाळीस मुलं आणि एक शिक्षक असताना प्रत्येक मानेकडे बघणं शक्य नाही, म्हणून ती नाहीत.

दमा असलेलं मूल असेल तर पालकांशी आधी बोला. त्याला धाप लागली असताना "प्राणायाम कर, बरं वाटेल" असं म्हणून वेळ घालवू नका. डॉक्टरांनी दिलेला पंप आधी, पालकांना फोन आणि गरज पडली तर दवाखाना. पालकहो, तुमच्याकडूनही एक हवं. मुलाचा पंप दप्तरात आहे आणि तो कसा वापरायचा, हे वर्गशिक्षकांना जूनमध्येच सांगून ठेवा. योगाने अमुक आजार मुळापासून जातो असे मेसेज फिरत असतात. त्यांच्यावर विसंबून कुणाचं औषध बंद करू नका.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. स्कर्ट घातलेल्या मुलीला मैदानात सगळ्यांसमोर पाय वर उचलायला सांगितलं तर ती संकोचते. मोठ्या वर्गातली मुलगी "आज नको" म्हणाली तर कारण विचारू नये. जाड मुलावर कुणी हसलं तर आसन थांबवून आधी ते हसणं थांबवा. सूर्यनमस्कारात मंत्र म्हणायचा की नुसते आकडे मोजायचे, हे ज्याच्या त्याच्या घरावर सोडावं.

परिपाठातली दहा मिनिटं

मला चार-पाच आसनं पुरतात. ताडासन दिसायला सोपं, पण नीट उभं राहणं किती जणांना येतं? दोन्ही तळव्यांवर सारखं वजन, गुडघे ताठ पण कडक नाहीत, हनुवटी जमिनीला समांतर. मग वृक्षासन. तळपाय मांडीवर नाही गेला तर पोटरीवर किंवा घोट्यापाशी ठेवा, फक्त गुडघ्यावर दाबू नका. नजर समोरच्या एका ठिपक्यावर. नजर हलली की तोल जातो, हे मुलांना स्वतः कळू द्या. भिंतीचा आधार घेतला तर मार्क कापायचे नाहीत! भुजंगासनात मुलं हातांवर जोर देऊन वर येतात, त्याऐवजी कोपरं वाकलेली ठेवून पाठीच्या जोराने उठेल तेवढंच उठायचं. त्यासाठी खाली सतरंजी हवी, गार फरशीवर पोटावर झोपवू नका. शेवटी दोन मिनिटं शवासन.

सूर्यनमस्काराचं आपल्या मराठी मुलखाशी जुनं नातं आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत त्याचा ध्यासच घेतला, पुस्तक लिहिलं आणि संस्थानातल्या शाळांतही तो नेला. त्यांच्या पद्धतीत दहा स्थिती होत्या, आज बहुतेक ठिकाणी बारा शिकवतात. आकड्यावरून वाद घालू नका. रोज तीन-चार नमस्कार श्वासाच्या लयीत झाले तरी खूप झालं. धावपळीत घातलेले पंचवीस म्हणजे नुसती कवायत.

वेळेचं भान मात्र हवं. शालेय पोषण आहार झाल्याबरोबर आसनं घेऊ नयेत, तेव्हा फार तर वज्रासनात बसवा. सकाळचा परिपाठ उत्तम. शनिवारची सकाळची शाळा तर यासाठीच आहे असं समजा.

घरी आणि आपल्यासाठी

पालकांना मी वेगळं काही करायला सांगत नाही. आपल्या आज्या जमिनीवर मांडी घालून जेवायच्या, उकिडवं बसून भाजी निवडायच्या, कशाचाही आधार न घेता उठायच्या. त्याला कुणी आसन म्हणत नव्हतं. आता सोफा, डायनिंग टेबल आणि हातात मोबाईल, त्यामुळे दहा वर्षांच्या मुलालाही उकिडवं बसताना टाचा टेकवता येत नाहीत. दिवसातलं एक जेवण खाली पाटावर किंवा चटईवर होऊ द्या. मुलासोबत तुम्हीही खाली बसा, नाहीतर त्याला ती शिक्षा वाटते.

शिक्षकांचं म्हणाल तर आपलं दुखणं ठरलेलं. फळ्यावर लिहून खांदा, वह्या तपासून मान, दिवसभर उभं राहून पोटऱ्या आणि बोलून बोलून घसा. दोन तासांच्या मध्ये वर्गाच्या दारातच ताडासनात हात वर ताणा. वह्यांचा एक गठ्ठा संपला की मान हळूच दोन्ही बाजूंना वळवा, गरगर फिरवू नका. घरी गेल्यावर भिंतीला पाय टेकवून पाच मिनिटं पडून राहा. उच्च रक्तदाब किंवा डोळ्यांतला काचबिंदू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि वर्ग गोंगाट करतोय म्हणून ओरडावंसं वाटलं की आधी एकदा श्वास पूर्ण सोडून घ्या, मग बोला. आवाज खालच्या पट्टीत निघतो. मुलं आधी गप्प होतात ती, बाईंना आज काय झालंय, या आश्चर्याने!