ब्रेक मोठे, पण गाडी थांबते टायरवर

नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग वडकी, करंजी, पांढरकवडा असा यवतमाळ जिल्ह्यातून दक्षिणेकडे उतरतो. चौपदरी महामार्गावर मोटारींसाठी ताशी 100 किलोमीटर ही कमाल वेगमर्यादा केंद्र सरकारने 2018 मध्ये ठरवली. या वेगातील 1,200 किलो वजनाची मोटार थांबवताना ब्रेकना सुमारे 463 किलोज्यूल ऊर्जा उष्णतेच्या रूपाने पचवावी लागते. दीड लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी ही उष्णता अवघ्या चार-पाच सेकंदांत निर्माण होते. वेग निम्मा केला, तर ती एक चतुर्थांशच उरते.

हौशी मोटारमालकांना भुरळ घालणारे ‘बिग ब्रेक किट’ या उष्णतेसाठीच जन्मले. मूळ डिस्कऐवजी मोठ्या व्यासाची, जाड डिस्क, चार किंवा सहा पिस्टनचे कॅलिपर, वेगळे पॅड आणि पोलादी जाळीच्या नळ्या असा हा संच असतो. डिस्क मोठी असली की उष्णता साठवायला धातू अधिक मिळतो. मात्र गाडी त्यामुळे कमी अंतरात थांबेल, हा समज बहुतांशी चुकीचा आहे. चांगल्या स्थितीतील मूळ ब्रेकही पूर्ण दाबल्यावर चाके जखडू शकतात. एबीएस कामाला लागते ते त्याच क्षणी. तेथून पुढे मर्यादा असते ती टायर आणि डांबराच्या पकडीची. कोरड्या रस्त्यावर ताशी 100 वरून थांबायला साधारण 50 मीटर लागतात. टायर झिजलेले असतील, तर लाखांच्या घरातील किटही हे अंतर कमी करू शकत नाही.

उलट, केवळ पुढच्या चाकांना मोठे ब्रेक बसवले आणि पिस्टनचे क्षेत्रफळ मूळ मास्टर सिलिंडरशी जुळले नाही, तर पुढची चाके लवकर जखडतात, मागचे ब्रेक अर्धवट वापरले जातात आणि थांबण्याचे अंतर वाढूही शकते. म्हणून किट निवडताना पिस्टनच्या संख्येपेक्षा ते त्याच मॉडेलसाठी जुळवलेले आहे का, हे पाहणे महत्त्वाचे.

ट्रॅकवरचे गणित वेगळे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 5.125 किलोमीटरच्या प्रत्येक फेरीत जोरदार ब्रेक पुन:पुन्हा लावावा लागतो आणि डिस्कला निवायला उसंत मिळत नाही. तेथे किटचे मोल कळते. इटलीची ब्रेम्बो, तिने 2000 मध्ये विकत घेतलेली ब्रिटनची एपी रेसिंग आणि अमेरिकेची विलवूड ही यातील ठळक नावे. त्यांच्या रस्त्यासाठीच्या आणि शर्यतीसाठीच्या कॅलिपरमधील एक फरक मात्र जाहिरातीत सहसा ठळकपणे दिसत नाही. शर्यतीच्या अनेक कॅलिपरना पिस्टनवर धूळरोधक रबरी टोपण नसते, कारण ते वारंवार उघडून साफ करणे गृहीत धरलेले असते. यवतमाळच्या काळ्या मातीची उन्हाळ्यातली धूळ आणि पावसाळ्यातला चिखल अशा कॅलिपरच्या सीलवर काय परिणाम करेल, हे कोणताही मेकॅनिक सांगेल. शर्यतीचे पॅडही तापल्याखेरीज नीट पकडत नाहीत. सकाळी दत्त चौकात अचानक कोणी आडवे आले, तर ते थंडच असणार!

कायद्याचा अडसर आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ लावताना, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले. अपघातानंतर विमा कंपनीही असा बदल पुढे करू शकते.

पुसदकडील घाटउतारावर ब्रेक दगा देतो तो बहुधा डिस्क लहान म्हणून नव्हे, तर ब्रेक ऑइल जुने झाले म्हणून. ‘डॉट 4’ प्रतीचे ऑइल नवे असताना किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. हवेतील ओलावा शोषल्यावर हीच मर्यादा 155 अंशांपर्यंत घसरू शकते. उकळलेल्या ऑइलात वाफेचे बुडबुडे होतात, पेडल तळाला टेकते आणि गाडी मात्र पुढेच जात राहते. हे ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचा खर्च किटच्या तुलनेत नगण्य आहे, आणि उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवायला तर काहीच पडत नाही.