नळाचे पाणी आणि पालिकेची नोंदवही

पावसाळा लागला की आमच्या वस्तीत दोन गोष्टी ठरलेल्या असतात. गटार रस्त्यावर येते आणि घरोघरी जुलाब-उलट्या सुरू होतात. गेल्या पावसाळ्यात विहारामागच्या एकाच गल्लीत सात मुलांना कावीळ झाली. एक भगिनी आपल्या मुलाला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली, तर तिलाच ऐकावे लागले, "पाणी उकळून का देत नाही?" ती म्हणाली, "साहेब, एक सिलेंडर दीड महिना पुरवते. स्वयंपाक करू का पाणी उकळू?" यावर कोणी काही बोलले नाही.

आम्ही दहा-बारा जण अर्ज घेऊन पालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात गेलो. तेथे उत्तर तयार होते. पाणी रोज तपासले जाते, रजिस्टरला नोंद आहे. ठीक आहे, मग रजिस्टरच पाहू, असे ठरवून आम्ही माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून वर्षभराच्या क्लोरीन नोंदींच्या प्रती मागितल्या.

आम्ही कारकुनी करून पोट भरतो. रोजच्या रोज लिहिलेली नोंद कोणती आणि एका बैठकीत बसून लिहिलेली कोणती, हे पान पाहून आम्हांला कळते. महिनेच्या महिने एकच शाई, एकच अक्षर आणि एकच आकडा : ०.५. मोठी लाइन फुटल्याने तीन दिवस वस्तीला थेंबभर पाणी आले नव्हते. त्या वेळी आम्ही टँकर मागवला होता, त्याची पावती मंडळाच्या फायलीत आहे. त्या तीन दिवसांपुढेही आमच्या वस्तीच्या रकान्यात ०.५ लिहिलेले होते. नळाला पाणीच नाही आणि पाण्यात क्लोरीन मात्र आहे!

क्लोरीनचे एवढे काय, असे कोणी विचारील. टाकीत क्लोरीन टाकले म्हणजे काम संपले असे नाही. ते जंतू मारून थोडे शिल्लक उरले पाहिजे, कारण टाकी ते नळ या वाटेतच खरा धोका असतो. आपल्याकडे पाणी दिवसातून तास-दोन तास येते. बाकीचा वेळ नळी रिकामी. रिकामी नळी बाहेरचे ओढून घेते, आणि बाहेर काय आहे? आपल्या वस्त्यांत नळ्या गटाराच्या कडेने, पुष्कळदा गटारातूनच गेलेल्या आहेत. सांधा सैल असला की गटाराचे पाणी आत जाते. त्यात शेजाऱ्याने मोटर लावली तर विचारूच नका. म्हणून पहिल्या पाच-दहा मिनिटांचे पाणी पिण्यासाठी भरू नये, वापरासाठी ठेवावे.

भारतीय मानक १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत, शिल्लक क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावे, विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेथे ०.५ असावे, आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जंतू एकही सापडू नये, असे दिलेले आहे. पण नळाचे पाणी पुरवणाऱ्यांवर हे मानक कायद्याने सक्तीचे नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री रामविलास पासवान यांनी शहरांच्या पाण्याचा अहवाल जाहीर केला. मुंबईचे दहाही नमुने उत्तीर्ण झाले, दिल्लीचे अकराही नापास. मुंबईचे अभिनंदन, पण दहा नमुन्यांवरून डोंगरावरच्या शेवटच्या झोपडीचे पाणी कसे आहे ते कळत नाही.

पुण्याचे उदाहरण ताजे आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएस या आजाराची साथ पसरली. हातापायांतली ताकद जाते, काहींना श्वासासाठी यंत्र लावावे लागते. रुग्ण दोनशेच्या वर गेले. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत दूषित अन्नपाण्यातून येणारा कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला. नांदेड, किरकटवाडी ही गावे २०२१ साली महापालिकेत आली. पण तेथे खडकवासल्याचे पाणी विहिरीत घेऊन, न गाळता, नुसते क्लोरीन टाकून दिले जात होते. गाव शहरात घेतले, शुद्धीकरण केंद्र मात्र मागे राहिले.

कागदावर एक आणि नळावर दुसरे, हे आपल्याला नवे नाही. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता. तो ठराव दप्तरात पडून राहिला, म्हणून बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी हजारोंसह तळ्यावर जावे लागले. नंतर सनातन्यांनी १०८ घागरी काढून आणि पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' केले! शेणमूत कालवले म्हणजे पाणी शुद्ध, असा तो हिशोब. पालिकेने पुढे ठरावच मागे घेतला, आणि हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले.

आज कायदा आपल्या हाती आहे. शुद्ध पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सुप्रीम कोर्टाने १९९१ साली सांगितले. पैसे नाहीत ही सबब नगरपालिकेला चालणार नाही, हे तर रतलामच्या गटारांच्या खटल्यात १९८० सालीच सांगून झाले आहे. आणि माहितीच्या अधिकारात नुसत्या प्रतीच नव्हे, प्रमाणित नमुनाही मागता येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आमच्या महिला मंडळाने वर्गणीतून एक क्लोरोस्कोप घेतला. नळीत पाणी घ्यायचे, ओ.टी.चे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की तक्त्याशी ताडून पाहायचा. रंग आला नाही तर क्लोरीन नाही. (ओ.टी. विषारी आहे. मुलांच्या हाती देऊ नये, तपासलेले पाणी ओतून द्यावे, हात धुवावेत.) तपासणी टाकीजवळच्या नळावर नव्हे, गल्लीच्या शेवटच्या नळावर करायची, कारण क्लोरीन आधी तेथेच संपते. वही विहारात ठेवली. नववी शिकलेल्या एका ताईने रोज सकाळी वेळेसह नोंद केली. पहिल्या आठवड्यात सातपैकी चार दिवस शेवटच्या नळाला रंगच आला नाही.

ही वही आणि पालिकेच्या रजिस्टरची प्रत आम्ही साहेबांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. त्यांनी दोन्ही बराच वेळ पाहिल्या. तिसऱ्या दिवशी खोदाईला माणसे आली. गटारातून गेलेली नळी कुजून तिला बोट जाईल एवढे भोक पडलेले निघाले. ती नळी बदलून वर घेतली. त्याच गटारातून आणखी चौदा घरांच्या नळ्या जातात. त्यांचे अर्ज गेल्या सोमवारी दिले, पोच घेतली आहे. वही रोज लिहिली जात आहे.