पैसे भरले म्हणून धावपट्टी लांब होत नाही!



अगत्ती विमानतळाचा व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला. "मॅडम, समुद्र छान दिसतो, पण यात बिझनेस कुठे आहे?" असंही काहींनी विचारलं. प्रश्न बरोबर आहे. व्हिडिओत मी निळं पाणी दाखवलं आणि खरी गोष्ट सांगायची राहूनच गेली. म्हणून आज लिहायला बसले. हा लेख वाचताना वही-पेन जवळ ठेवा, शेवटी थोडा हिशोब आहे.

आधी तेव्हाची परिस्थिती सांगते. माझं कुडाळात काजू, कोकम, मसाले, पापड-लोणच्यांचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. गेल्या वर्षी मालवणात दुसरं दुकान टाकायचं जवळजवळ ठरलं होतं. जागा बघून झाली होती, मालकाला २५ हजार रुपये टोकन दिलं होतं आणि ८ लाखांच्या कर्जाचा अर्ज भरून तयार होता. फक्त सही बाकी होती. नवरा म्हणाला, "अगं, एकदा दुकान सुरू झालं की तीन वर्षं कुठे हलता येणार नाही. आताच फिरून येऊ." अशा रीतीने फेब्रुवारीत आम्ही लक्षद्वीपला निघालो.

विमानतळ केवढा, बेट केवढं

लक्षद्वीपमध्ये ३६ बेटं आहेत आणि त्यातल्या १० बेटांवर वस्ती आहे. सगळी मिळून जमीन भरते साधारण ३२ चौरस किलोमीटर. एवढ्या सगळ्यात धावपट्टी एकच, ती अगत्तीची. १९८८ साली हा विमानतळ सुरू झाला तेव्हा तिथे छोटं डॉर्नियर विमान उतरायचं. आता एटीआर जातीची पंख्याची विमानं येतात. पूर्वी कोचीहूनच जावं लागायचं. २०२४ मध्ये गोव्याहून आणि बेंगळुरूहूनही थेट विमान सुरू झालं. आम्हा सिंधुदुर्गवाल्यांना मोपा जवळ, त्यामुळे आम्ही तिथूनच गेलो.

एक सूचना, ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी. आपण भारतीय असलो तरी लक्षद्वीपला जायला प्रवेश परवाना लागतो आणि त्यासाठी पोलिसांचा दाखला काढावा लागतो. तिकीट आधी आणि परवाना नंतर, असं करू नका. उतरल्यावर तिथे कागद तपासतात.

मोपाची धावपट्टी साडेतीन किलोमीटर लांब आहे. आमच्या चिपीची अडीच किलोमीटर. आणि अगत्तीची? साधारण १२०० मीटर. दोन्ही टोकांना समुद्र. खिडकीतून बघितलं तर वाटतं, हिरव्या पट्टीवर कुणीतरी फूटपट्टी ठेवली आहे आणि आपल्याला त्या फूटपट्टीवर उतरायचंय! चाकं टेकली आणि लगेच असा ब्रेक लागला की आम्ही सगळे पुढे ओढले गेलो. नवऱ्याने माझा हात धरला होता. घाबरलो नव्हतो असं तो अजून सांगतो.

इमारत अगदी छोटी. आपल्या तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर याहून जास्त गर्दी असते. सरकते जिने नाहीत, ब्रँडची दुकानं नाहीत. विमानातून उतरायचं, चालत आत जायचं, कागद दाखवायचे, बॅग उचलायची आणि बाहेर पडायचं.

बेटावरचा दुकानदार

आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्यांना सगळे "इक्का" म्हणायचे. तिकडे मोठ्या भावाला असं म्हणतात. आम्हीही म्हणायला लागलो. इक्कांचं घराशेजारीच किराणा दुकान होतं. दुकानदार माणूस फिरायला गेला तरी दुसऱ्याच्या रॅककडेच बघतो. मी तेच केलं.

बिस्किटांचे प्रकार तीन. साबण दोन. तेलाचे डबे एकाच मापाचे. माझ्या दुकानात नुसत्या लोणच्याचे १४ प्रकार आहेत!

मी विचारलं, "इक्का, गिऱ्हाईक दुसरं काही मागत नाही का?"

ते मोडक्या हिंदीत म्हणाले, "मागतात ना. पण माल जहाजातून येतो. पावसाळ्यात समुद्र खवळला की छोटी जहाजं बंद. मग जे चार महिने विकलं जाणार नाही, ते माझ्या डोक्यावर बसतं. म्हणून आधी जागा बघतो, मग माल मागवतो."

तेव्हा मी हसून मान डोलावली. खरं सांगायचं तर मनात म्हटलं, बेटावर ठीक आहे, आपल्याला काय? आपल्याकडे टेम्पो रोज येतो.

आणि मग वजनकाटा

परतीच्या दिवशी माझ्यातला व्यापारी जागा झाला होता. माडाच्या नीरेचा पाक, नारळाचं व्हिनेगर, खोबऱ्याची पूड, सुका टुना मासा. जे दिसलं ते घेतलं. दुकानात ठेवून बघू, गिऱ्हाइकाला चव देऊ, व्हिडिओ करू! दोघांचं मिळून ३० किलो सामान चालणार होतं. काट्यावर भरलं ४३.

मी पर्स उघडली. म्हटलं, जादा १३ किलोचे किती होतात ते सांगा, भरते. मोठ्या विमानतळांवर हेच करतो आपण. पैसे भरले की प्रश्न संपला.

काउंटरवरचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, पैशांचा प्रश्न नाही. आज विमानात वजनाला जागाच नाही."

"अहो, पण सीट तर रिकाम्या दिसतायत!"

"सीट रिकाम्या आहेत. वजन भरलंय."

माझा पारा चढला होता, खोटं कशाला बोलू. पण मागे रांग होती. बाजूला होऊन आम्ही बॅग जमिनीवर उघडली आणि सगळ्यांसमोर सामान काढायला लागलो. इक्का आम्हाला सोडायला आले होते. ते बाहेरच थांबले होते म्हणून बरं. ११ बाटल्या, पाच पाकिटं आणि माझा एक चपलांचा जोड त्यांच्या हवाली केला. प्रत्येक वस्तूचा एकेक नमुना ठेवला.

सीट रिकाम्या, तरी वजन पूर्ण: हे कसं?

विमानाला वेळ होता. मी वाचत बसले, एकदोघांना विचारलं आणि मग उलगडा झाला. नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा हिशोब यावर आहे.

एटीआर ७२ विमान पूर्ण वजनाने उडवायचं तर साधारण १३०० मीटर किंवा जास्त धावपट्टी लागते. इथे आहे १२००. मग उपाय एकच, वजन कमी करायचं. दिवस गरम असेल, समोरून वारा नसेल, तर विमानाला आणखी लांब धावावं लागतं. म्हणजे वजन आणखी कमी. त्यामुळे आज किती वजन चालेल हे त्या दिवसावर ठरतं.

बरं, वजन म्हणजे फक्त माणसं आणि बॅगा नाहीत. इंधनही वजनच आहे. अगत्तीला येणारं विमान काही कारणाने उतरू शकलं नाही, तर शेजारी दुसरी धावपट्टी नाही. थेट मुख्य भूमीवर परतावं लागतं. म्हणून तेवढं इंधन सोबत ठेवावंच लागतं. त्या इंधनाचं भाडं कुणी देत नाही, पण ते उतरवून त्या जागी प्रवासी बसवता येत नाहीत.

म्हणजे तिथलं विमान भरण्याची पद्धत अशी: आधी धावपट्टी बघा, मग हवा बघा, मग परतीचं इंधन ठेवा. जे वजन उरेल त्यात प्रवासी आणि सामान.

आणि मी मालवणचं दुकान कसं भरत होते? बरोबर उलटं! आधी माल, फर्निचर, बोर्ड, उद्घाटन. परतीचं इंधन कागदावर नव्हतंच.

बोर्डिंग पासच्या मागे केलेला हिशोब

तिथेच बसून मी आकडे मांडले. तुम्हालाही तसेच्या तसे देते.

दर महिन्याचा ठरलेला खर्च:
- भाडं: २२,०००
- एका मुलीचा पगार: १२,०००
- वीज, फोन, किरकोळ: ४,०००
- कर्जाचा हप्ता (८ लाख, ५ वर्षं, ११ टक्के): साधारण १७,४००
- एकूण: ५५,४००

माझ्या मालावर खर्च वजा जाता सरासरी २२ टक्के सुटतात. म्हणजे नुसता ठरलेला खर्च निघायला महिन्याला अडीच लाखांच्या वर विक्री हवी. कुडाळचं दुकान सहा वर्षांनी कुठे ३ लाखांवर आलंय!

आता पावसाळा. जून ते सप्टेंबर मालवणात किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बहुतेक काळ बंद, पर्यटक तुरळक. महिन्याला ७० हजार विक्री धरली तरी सुटणार साधारण १५ हजार. तूट ४० हजार. चार महिन्यांची तूट १ लाख ६० हजार.

हे १ लाख ६० हजार माझ्या ८ लाखांच्या यादीत कुठेच नव्हते. शोकेसचे ९० हजार होते. उद्घाटनाच्या जेवणाचेही होते!

मी कागद नवऱ्याला दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "कर्ज १० लाखांचं घेऊ या का?"

मी म्हटलं, "अरे, मघाशी मीही पर्सच उघडली होती."

कर्ज वाढवलं की हप्ता वाढतो. म्हणजे विमान आणखी जड होतं. धावपट्टी तेवढीच राहते. आपली धावपट्टी म्हणजे काय? रोज दारात येणारं गिऱ्हाईक आणि वर्षातले धंद्याचे महिने. कर्जाने माल वाढतो, भिंती वाढतात. मालवणचा सीझन आठ महिन्यांचा दहा महिने होत नाही.

मग केलं काय?

परत आल्यावर सही केली नाही. टोकनचे २५ हजार गेले. मालकाने परत दिले नाहीत, कागदावर तसंच लिहिलं होतं, त्यामुळे तक्रार नाही. घरी दोन दिवस वातावरण गरम होतं. सासूबाई म्हणाल्या, "फिरायला गेलात आणि पंचवीस हजार घालवून आलात!"

ऑक्टोबरात मालवणातल्या एका लॉजच्या खालच्या बाजूला एक रॅक आणि एक टेबल लावलं. महिना भाडं ५ हजार. लॉजचाच माणूस विक्री बघणार, त्याला ८ टक्के. माल फक्त नऊ प्रकारचा. १४ लोणच्यांतली दोनच नेली. काढताना जीव तुटत होता, पण अगत्तीच्या जमिनीवर बॅग उघडायची सवय झाली होती.

ऑक्टोबर ते मे, आठ महिन्यांत विक्री झाली ४ लाख ८० हजार. २२ टक्क्यांनी सुटले १,०५,६००. त्यातून भाडं ४०,००० आणि कमिशन ३८,४०० गेलं. हातात राहिले २७,२००. टोकनचे २५ हजार वजा केले तर नफा २,२०० रुपये. हसा, हसा! मीही हसले.

पण हप्ता नाही, जूनमध्ये टेबल उचललं आणि झोप शांत लागते. शिवाय एक माहिती हाती आली जी कुठल्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मिळाली नसती: नऊपैकी तीनच वस्तूंनी अर्ध्याहून जास्त विक्री दिली.

प्रामाणिकपणे हेही सांगते. मी सोडलेल्या जागेत आता मोबाइलचं दुकान आहे आणि ते चांगलं चालतंय. जागा वाईट नव्हती. त्यांच्या मालाला पावसाळा आडवा येत नाही, एवढंच. त्यांची धावपट्टी वेगळी, माझी वेगळी. म्हणून "त्याने टाकलं, मग मीही टाकतो" हे कधीही करू नका.

आजचा गृहपाठ

नवीन दुकान, गाडा, क्लाउड किचन, काहीही सुरू करणार असाल, तर या क्रमाने चार ओळी लिहा.

१. धावपट्टी: वर्षातले किती महिने खरा धंदा होतो आणि रोज किती गिऱ्हाईक येईल? अंदाज नको. त्या जागेसमोर तीन दिवस उभं राहून मोजा. एक दिवस तरी आडवार असू द्या.

२. हवा: सगळ्यात वाईट महिन्यात विक्री किती होईल? चांगल्या महिन्याचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. वाईट महिन्याचा लिहा.

३. परतीचं इंधन: वाईट महिन्यांची एकूण तूट किती? ती रक्कम सुरू करण्याआधी बाजूला आहे का? ती फर्निचरला वापरायची नाही. कितीही मोह झाला तरी.

४. सामान: वरच्या तिन्हींनंतर जे उरतं, त्यात बसेल तेवढाच माल आणि तेवढंच भाडं. बसत नसेल तर बॅग उघडा आणि काढायला लागा. लाज वाटू देऊ नका. मी तर अख्ख्या विमानतळासमोर काढलंय.

कुणी विचारेल, इक्कांकडे ठेवलेल्या ११ बाटल्यांचं काय झालं? त्यांनी त्या दुकानात लावून विकल्या आणि पैसे मला ऑनलाइन पाठवले. खाली निरोप होता, "तुमची चप्पल जहाजाने येईल. घाई नाही ना?"

नाही इक्का, आता कसलीच घाई नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही उघडा आणि पहिली ओळ लिहा: माझी धावपट्टी किती?