आधी फोन, मग गाडी

‘नांदेडला हलवा’ हे परभणीच्या दवाखान्यांमधून कित्येक वर्षं ऐकू येत आलं आहे. त्याचं मूळ नकाशातच सापडतं. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, 1956 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; त्याचं रुग्णालय म्हणजे घाटी. अंबाजोगाईला 1974 मध्ये आणि नांदेडला 1988 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं. मधल्या परभणीला मात्र 2023 उजाडावं लागलं. तोवर डोक्याला जबर मार लागलेला माणूस किंवा दिवस भरायच्या आत जन्मलेलं बाळ जिंतूरहून परभणीला यायचं आणि तिथून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर नांदेडला, नाहीतर दोनशे किलोमीटरवर घाटीला जायचं.

त्या काळी हा प्रवास अनेकांनी भाड्याच्या जीपमधून केला. मागच्या सीटवर आडवा रुग्ण, सलाईनची बाटली हातात धरून बसलेला भाऊ. 2011 साली जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला आणि गरोदर बाई व आजारी नवजात बाळ यांच्यासाठी गाडी मोफत झाली. घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात आणि परत घरी, असे तिन्ही प्रवास त्यात धरले होते. त्यातल्या मधल्या प्रवासाचं मोल मला सर्वांत जास्त वाटतं, कारण घरचे सर्वांत हतबल तिथेच होतात. पुढे 26 जानेवारी 2014 रोजी राज्यात ‘108’ ही रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. एकूण 937 गाड्या, त्यांपैकी 233 व्हेंटिलेटरसह सर्व साधनं असलेल्या, आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर. परभणीतून लावलेला फोन पुण्यात औंधच्या केंद्रात उचलला जाऊ लागला. हा बदल खरोखर मोठा होता आणि त्याने माणसं वाचली.

पण रुग्णाचा वेळ फक्त रस्त्यावर जात नाही. पाठवायचं की नाही हे ठरण्यात जातो, चिठ्ठी लिहिण्यात जातो, आणि पोहोचल्यावर ‘बेड नाही’ ऐकून दारात ताटकळण्यात जातो. गाडीतल्या ऑक्सिजनचंच घ्या. लहान सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर वायू असतो. मिनिटाला दहा लिटर लागत असेल तर तो अडीच तास पुरेल. नांदेडपर्यंत चिंता नाही, घाटीचा रस्ता मात्र त्याहून लांबचा. हा हिशेब निघण्यापूर्वीच व्हायला हवा आणि दुसरा सिलिंडर चढवायला हवा. शिवाय तालुक्याची एकुलती सुसज्ज गाडी नांदेडला गेली की परत येईपर्यंत त्या तालुक्यातल्या अपघाताला दुसरीकडून गाडी मागवावी लागते. म्हणून नांदेडच्या विष्णुपुरीतल्या शासकीय रुग्णालयाच्या दारात स्ट्रेचर रिकामं व्हायची वाट पाहण्यात गेलेला अर्धा तास इकडच्या दुसऱ्याच कुणाला महागात पडतो.

2023 च्या सप्टेंबरअखेरीस नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 नवजात बाळं होती. अनेक रुग्ण बाहेरून अत्यवस्थ अवस्थेत आले होते, असं रुग्णालयाने सांगितलं. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हा चर्चा औषधांची आणि मनुष्यबळाची झाली, ती व्हायलाच हवी होती. पण बाहेरून आलेलं बाळ किती वाजता निघालं, निघण्यापूर्वी तिकडच्या बालरोग विभागाशी कुणी बोललं होतं का, वाटेत त्याला ऊब मिळाली का, या प्रश्नांना त्या चर्चेत फारच थोडी जागा मिळाली.

परभणीत महाविद्यालय आल्याने काही फेऱ्या मुळातच टळतील आणि तीच सर्वांत मोठी बचत आहे. उरलेल्यांसाठी पाठवणाऱ्या डॉक्टरने घेणाऱ्या डॉक्टरला थेट फोन करावा, बेडची खात्री करून नाव आणि वेळ चिठ्ठीवर लिहावी, आणि दिलेली औषधं त्याच चिठ्ठीवर असावीत. सोनपेठ-गंगाखेडच्या रुग्णाला परळीमार्गे अंबाजोगाई गाठता येते. तिथे बेड असेल, तर जिल्ह्याची हद्द पाळायची म्हणून त्याला आधी परभणीला आणून पुन्हा दुसऱ्या गाडीत चढवू नये.